ॲनोडायझिंग उतरवताना नेमकं काय उतरतं?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या माउंटन बाइकवाल्यांना जांभळ्या रंगाचं वेड लागलं होतं. रिंगले, ग्राफ्टन, कूका अशा छोट्या कंपन्यांनी ॲल्युमिनियमचे ब्रेक, हब, क्रँक, सीटपोस्ट जांभळे, निळे, लाल, हिरवे करून विकले. ती लाट ओसरली, पण रंगीत भागांची हौस काही गेली नाही. आज पुण्यात किंवा नाशकात ऑनलाइन मागवलेला सीट क्लॅम्प, बॉटल केज, पेडल, चेनरिंगचे बोल्ट बघा, त्यात लाल-निळं-सोनेरी भरपूर सापडेल. काही उन्हाळे गेले की स्वस्तातला लाल भाग गुलाबी पडतो, जांभळा विटतो, शेजारचा काळा मात्र बराच टिकून राहतो. एकाच सायकलवरचे भाग एकमेकांशी जुळेनासे होतात. मग प्रश्न येतो, हा रंग घरी काढता येईल का?

येतो. त्यासाठी लागणारा कॉस्टिक सोडा महाग नाही आणि सहज मिळतो. काम तासाभरात उरकतं. पण ते सोपं आहे म्हणून कुठल्याही भागावर करावं, असं मात्र मुळीच नाही. कारण इथे रंग धातूवर बसलेलाच नसतो.

नेलपॉलिश नखावर बसतं, मेंदी कातडीत उतरते. ऑइलपेंट किंवा पावडर कोटिंग पहिल्या जातीचं, ॲनोडायझिंग दुसऱ्या. पेंट रिमूव्हर लावला की पेंट फुगून सुटतो, ॲनोडायझिंगला त्याने काहीही होत नाही. हा रंग घालवायचा तर ज्या थरात तो मुरला आहे तो थरच घालवावा लागतो, आणि तो थर म्हणजे त्या भागाचंच, एकेकाळी ॲल्युमिनियम असलेलं, अंग आहे.

ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग उघडा पडला की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. त्याची जाडी जेमतेम दोन ते चार नॅनोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, पण हा धातू लोखंडासारखा गंजून खपल्या होत नाही तो त्याच्याच जिवावर. ॲनोडायझिंग म्हणजे विजेच्या मदतीने हा थर हजारो पटींनी जाड करणं. भाग साधारण १५ ते २० टक्के सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत बुडवतात, त्याला धनाग्र करतात, टाकी २० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात आणि १२ ते १८ व्होल्टचा डीसी प्रवाह सोडतात. ऑक्साइड वाढत असतं, त्याच वेळी आम्ल त्याला थोडंथोडं विरघळवतही असतं. या ओढाताणीतून थरात असंख्य उभ्या नळ्या तयार होतात. एकेका नळीचा व्यास १० ते २० नॅनोमीटर, आणि सगळ्यांच्या तळाशी, धातूला लागून, एक सलग पातळ पडदा. शोभेच्या कामासाठी थर ५ ते २५ मायक्रॉन जाड ठेवतात. टाकी शून्य अंशाजवळ नेऊन, जास्त विद्युतदाबावर काम केलं की थर त्याहून जाड आणि बराच कठीण होतो. तेच हार्ड ॲनोडायझिंग, आपल्या स्वयंपाकघरातल्या गडद राखाडी तव्यांवर आणि कढयांवर असतं ते.

नळ्या तयार झाल्या की भाग रंगाच्या द्रावणात बुडवतात, रंग नळ्यांत शिरतो. मग जवळजवळ उकळत्या पाण्यात तो सील करतात. गरम पाण्याने ऑक्साइडचं जलयुक्त रूप तयार होतं, ते आकाराने फुगतं आणि नळ्यांची तोंडं बंद होतात. आत अडकलेले रंग बहुधा सेंद्रिय असतात. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी त्यांचे रेणू मोडतात. कोणता रंग किती टिकेल हे त्या रंगद्रव्यावर अवलंबून असतं, म्हणून शेजारशेजारचे दोन भाग वेगवेगळ्या गतीने विटतात.

या तंत्राचा जन्म शोभेसाठी झाला नव्हता. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लाची पद्धत काढली ती समुद्री विमानांचे ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग खाऱ्या पाण्यात टिकावेत म्हणून. सल्फ्युरिक आम्लाची पद्धत त्यानंतर काही वर्षांत आली. रंग ही या थराची नंतरची कमाई आहे. मूळ काम संरक्षणाचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. थर जितका जाड, त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या वर वाढलेला असतो आणि दोन तृतीयांश भाग आत, धातू खाऊन तयार झालेला असतो. १२ मायक्रॉनचा थर असेल तर ८ मायक्रॉन धातूचं ऑक्साइड झालेलं आहे. तुम्ही तो थर काढलात की ते परत येत नाही. रंगीत असताना जे माप होतं त्यापेक्षा प्रत्येक पृष्ठभाग १२ मायक्रॉनने आत जातो. गोल नळीचा व्यास २४ मायक्रॉनने कमी होतो, भोकाचा तेवढ्यानेच वाढतो. बॉटल केजला याने काय फरक पडणार? काही नाही. पण हबच्या कवचात बेअरिंग दाबून बसवलेलं असतं, आणि ते घट्ट बसावं म्हणून ठेवलेला फरकही मोजक्या मायक्रॉनांचाच असतो. तिथे हा थर गेला की बेअरिंग सैल होऊन फिरायला लागतं आणि हब कामातून जातो. आट्यांचंही तेच.

ॲल्युमिनियमचं ऑक्साइड उभयधर्मी असतं, म्हणजे आम्लातही विरघळतं आणि आम्लारीतही. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, त्याला विरघळवून सोडियम ॲल्युमिनेट बनवतो आणि ते पाण्यात निघून जातं. कार्ल बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकाच्या अखेरीस नेमकी हीच क्रिया वापरून बॉक्साइटमधून शुद्ध ॲल्युमिना काढण्याची पद्धत शोधली. आजही जगातलं जवळपास सगळं ॲल्युमिनियम त्याच वाटेने येतं. कोल्हापूर जिल्ह्यात दुर्गमानवाडीच्या खाणींतून निघालेलं बॉक्साइट बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात जायचं, तिथेही गरम कॉस्टिक सोड्यानेच त्यातलं ॲल्युमिना विरघळवून घेतलं जायचं. तुमच्या बादलीत होणारी क्रिया हीच आहे, फक्त तापमान आणि दाब बेताचा.

याच कारणाने हार्ड ॲनोडाइज्ड भांडी डिशवॉशरमध्ये घालू नका असं सांगतात. डिशवॉशरची पावडर आम्लारिधर्मी असते आणि तो थर हळूहळू खाते.

कॉस्टिक सोडा ऑक्साइडवर थांबत नाही, ही यातली खरी अडचण. थर संपला की तो धातूवर येतो. फरक इतकाच की ऑक्साइड विरघळताना वायू सुटत नाही, धातू विरघळताना हायड्रोजन सुटतो. म्हणून सुरुवातीला द्रावण शांत असतं, नंतर भागावरून बारीक बुडबुड्यांची माळ उठते. ती उठली की थर संपत आला असं समजावं. मात्र एक ध्यानात ठेवा, जिथे ओरखडे आहेत किंवा पाना लागून धातू उघडा पडलेला आहे, तिथून पहिल्यापासूनच बुडबुडे येतात. सबंध पृष्ठभागावरून एकसारखे येऊ लागले तरच ती खूण धरायची. एक ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळलं तर सुमारे सव्वा लिटर हायड्रोजन तयार होतो, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो. काम गच्चीवर किंवा अंगणात करायचं ते यासाठी. बाथरूम नको, जवळपास देवघराची समई नको, बिडी-सिगारेट नको.

अमेरिकेत बरेच सायकलवाले कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर फवारतात. त्याचा फेस भागाला चिकटून राहतो हा त्याचा फायदा, पण फवाऱ्याचे तुषार नाकातोंडात जातात. मला बादलीच बरी वाटते. भाग कुठे, किती वेळ बुडाला आहे हे त्यात आपल्या ताब्यात राहतं.

आधी भाग पूर्ण सुटा करा. बेअरिंग, छर्रे, रबरी सील, प्लास्टिकचे तुकडे, स्टीलचे स्क्रू काढून घ्या. ग्रीस आणि चेनचं तेल डिशवॉश लिक्विडने घासून धुवा, कारण तेलाखालचा थर उशिरा जातो आणि डाग राहतात. भाग तारेने बांधा. तार स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थंड पाणी घ्या, त्यात लिटरमागे ३० ते ५० ग्रॅम या हिशेबाने कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स थोडेथोडे टाकत ढवळा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. विरघळताना उष्णता इतकी निर्माण होते की वरून ओतलेलं पाणी उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलं तर या कामाला अजिबात नको, ते स्वतःच विरघळू लागेल. द्रावण गार होऊ द्या, मग भाग बुडवा.

किती वेळ, याचं एक उत्तर नाही. थराची जाडी, सील किती चांगलं आहे, द्रावण किती गरम आहे, यावर ते ठरतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात नागपुरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेतलं तर जानेवारीतल्या महाबळेश्वरचा अंदाज तिथे चालणार नाही. दर मिनिटा-दोन मिनिटांनी भाग बाहेर काढून वाहत्या पाण्याखाली धरा आणि बघा. रंग आधी फिकट होतो, मग पाण्यात उतरताना दिसतो. घाई म्हणून सोडा वाढवू नका. जोराचं द्रावण थर काढतं त्याच झपाट्याने धातूला खरबरीत करतं.

थर पूर्ण गेला का, हे डोळ्यांनी कळत नाही, कारण रंग गेलेला पारदर्शक थर धातूसारखाच दिसतो. यासाठी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून वापरा. ॲल्युमिनियम ऑक्साइड वीजरोधक आहे. भाग कोरडा करून मीटरची दोन्ही टोकं हलकेच पृष्ठभागावर टेकवा. थर असेल तर मीटर गप्प राहतो, उघडा धातू असेल तर वाजतो. टोकं दाबून खुपसली तर थर फुटतो आणि मीटर खोटं बोलतो, म्हणून हात हलका हवा.

बाहेर आलेला भाग चकचकीत असेल ही अपेक्षा ठेवू नका. तो राखाडी, कधीकधी चक्क काळा निघतो. हे काय? सायकलमधलं ॲल्युमिनियम शुद्ध नसतं. ६०६१ या मिश्रधातूत मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि थोडं तांबं असतं, ७०७५ मध्ये पाच-सहा टक्के जस्त आणि दीड टक्क्याच्या आसपास तांबं असतं. यातलं तांबं, लोह, सिलिकॉन कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियमसारखं विरघळत नाही, पृष्ठभागावर काजळी धरून बसतं. कारखान्यात ही काजळी नायट्रिक आम्लात बुडवून काढतात. घरी त्या आम्लाच्या वाटेला जाऊ नये. नायलॉनच्या घासणीने घासलं की बरीचशी निघते, उरलेली पॉलिश करताना जाते. ओतीव स्वस्त भागांत सिलिकॉन खूप असतं, ते कितीही घासले तरी आरशासारखे होत नाहीत. तिथे मॅट फिनिशवर समाधान मानावं.

पॉलिशचं काम सोड्याच्या कामापेक्षा कितीतरी लांबतं, आणि भागाचं रूप ठरतं ते इथेच. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ४०० नंबरपासून सुरू करा, मग ६००, ८००, १०००, १५००, जमलं तर २०००. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे दिसतं. ते जाईपर्यंत पुढचा नंबर घ्यायचा नाही. शेवटी सुती फडक्यावर ब्रासो किंवा दुसरं मेटल पॉलिश घेऊन घासा. फडकं काळं होत राहील, ते ॲल्युमिनियमच आहे. बफिंगचं चाक असलेला कारागीर ओळखीचा असेल तर हे काम त्याच्याकडून फार सुंदर होतं.

काही जण विचारतात, सरळ पॉलिश पेपरनेच थर का घासू नये? कारण अनेक पॉलिश पेपरवरची खर ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच असते. ॲनोडायझिंगचा थर त्या खरेइतका कठीण नसला तरी खालच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो. तो घासून निघतो, पण उशिरा, आणि कडेला निघून खाचेत उरतो. मग उघडा पडलेला मऊ धातू भराभर झिजतो आणि भागाच्या धारा गोल होतात.

बाथरूम धुण्याचं ॲसिड हा दुसरा सुचवला जाणारा उपाय. तो तर मुळीच करू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल ॲल्युमिनियमला जागोजागी टोचे पाडतं, आणि ते टोचे पॉलिशने जात नाहीत. ब्लीचिंगच्या द्रावणातल्या क्लोरीनच्या संयुगांचंही तसंच. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, ॲसिड कॉस्टिकच्या बादलीत पडलं तर द्रावण उसळतं. फॉस्फोरिक आम्ल आणि क्रोमियम ट्रायऑक्साइड यांचं गरम द्रावण खालच्या धातूला जवळजवळ हात न लावता थर काढतं, प्रयोगशाळेत थराचं वजन मोजायला तेच वापरतात. पण त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते प्रयोगशाळेतच राहू द्यावं.

कॉस्टिक सोड्याची भीती बाळगावी, आणि ती मुख्यतः डोळ्यांसाठी. बहुतेक आम्लं ऊतींतली प्रथिनं गोठवतात आणि त्या गोठलेल्या थराने त्यांची पुढची वाट थोडी अडते. आम्लारी प्रथिनं आणि चरबी विरघळवत आत आत जाते. म्हणून एक थेंबही बुबुळाचं कायमचं नुकसान करू शकतो. चष्मा पुरत नाही, चारी बाजूंनी बंद असलेला गॉगल लागतो. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, बंद बूट घाला. द्रावण डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून नळाच्या वाहत्या पाण्याने किमान १५ ते २० मिनिटं धूत राहा आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. व्हिनेगर किंवा लिंबू डोळ्यात वा कातडीवर घालायचं नाही, तिथे फक्त भरपूर पाणी. व्हिनेगर ठेवायचं ते फरशीवर सांडलेलं पुसायला आणि धुतलेल्या भागाला शेवटचा हात द्यायला. घरात लहान मुलं, कुत्रं, मांजर असेल तर बादली एक क्षणही एकटी सोडू नका.

वापरलेलं द्रावण बाटलीत भरून झाकण लावून ठेवणं धोक्याचं आहे. त्यात धातूचे कण असतील तर हायड्रोजन सुटत राहतो आणि बाटली फुटते. भरपूर पाणी घालून पातळ करा, व्हिनेगर हळूहळू घालत त्याचा जोर मारा. पांढरा, चिकट साका बसेल. ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, पित्तावरच्या अनेक औषधांत असतं तेच, पण इथे त्यात रंग आणि इतर धातू मिसळलेले असतात. झाडांच्या मुळाशी ते ओतू नका, संडासात टाकून भरपूर पाणी सोडा.

पॉलिश केलेलं उघडं ॲल्युमिनियम पहिल्या आठवड्यात फार देखणं दिसतं. त्यावर पुन्हा नॅनोमीटरचा नैसर्गिक थर येतो, पण तो नळ्यांच्या सील केलेल्या थराची बरोबरी करू शकत नाही. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत किंवा घामाच्या थेंबांखाली पांढरे ठिपके आणि बारीक खड्डे पडू लागतात. गाडीचं मेण दर महिन्या-दोन महिन्यांनी लावणाऱ्यालाच हे रूप टिकवता येतं. पावसाळ्याआधी तर लावायलाच हवं. ज्याला हे जमणार नाही त्याने पारदर्शक लॅकर मारून घ्यावा, किंवा भोसरी-पिंपरीकडच्या एखाद्या जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यातून नव्याने ॲनोडायझिंग करून घ्यावं. नवा थर पुन्हा धातू खाऊनच तयार होणार, हे मापाच्या भागाबाबत त्यांना आधी सांगावं. स्टीलचे बोल्ट परत बसवताना ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर दोन धातूंच्या संगतीत ओलावा आला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

टायटॅनियमच्या बोल्टचे निळे-जांभळे रंग वेगळ्या जातीचे असतात. तिथे रंगद्रव्य नसतंच, पारदर्शक ऑक्साइडच्या जाडीमुळे प्रकाशाचं व्यतिकरण होऊन रंग दिसतो. वर सांगितलेलं काहीही त्यांना लागू नाही.

शेवटी, कोणत्या भागाला हात लावायचा? बॉटल केज, सीट क्लॅम्प, स्पेसर, चेनगार्ड, ब्रेक लिव्हरची दांडी, घंटीचा कप, हे खुशाल करा. जुन्या क्रँकवरचा थर काढून पॉलिश केली तर त्या अप्रतिम दिसतात, पण वॉटर पेपरचं काम अर्ध्यावर सोडणार नाही अशी खात्री असेल तरच. कॉस्टिकने पडलेले सूक्ष्म खड्डे तसेच राहिले तर रोजच्या ताणाने तिथून तडा सुरू होऊ शकतो. उलट, कठीण ॲनोडायझिंगचा ठिसूळ थरही तड्याला वाट देतो. ‘द बायसिकल व्हील’ (१९८१) लिहिणारे अभियंते जॉब्स्ट ब्रँट हार्ड ॲनोडाइज्ड रिम्सबद्दल हेच बजावत राहिले. पण तो थर काढून खाली खरबरीत धातू सोडणं हा त्यावरचा उपाय नाही. सस्पेन्शन फोर्कच्या आतल्या नळ्या, हायड्रॉलिक ब्रेकचे कॅलिपर, हबची कवचं, रिम, चेनरिंगचे दात, कार्बनला चिकटवलेले ॲल्युमिनियमचे तुकडे यांना सोडा लागू देऊ नका. सीटपोस्ट, स्टेम आणि हँडलबार तर कधीच बुडवू नका. उतारावर तुमचं सगळं वजन त्यांच्यावर असतं. त्यांचा रंग आवडत नसेल तर दुसरे विकत घ्या.